कोरडी भिंत : परिभाषा आणि हातोटी

भिंत म्हटली की आपल्या मनात वीट, वाळू, सिमेंट आणि पाणी या चार गोष्टी उभ्या राहतात. त्यांपैकी पाण्याचा वाटा सर्वांत जुना. माती कालवायला पाणी, चुना विझवायला पाणी, गिलाव्यावर दिवसेंदिवस मारायलाही पाणीच. अशी भिंत बांधून झाली तरी ती वाळेपर्यंत थांबावे लागते. गेल्या काही दशकांत मात्र आपल्या शहरांतील कार्यालये, रुग्णालये, दुकाने आणि सदनिका यांच्या आत एक वेगळीच भिंत दिसू लागली आहे. ती बांधत नाहीत, जोडतात. पत्र्याचा सांगाडा, त्यावर जिप्समच्या फळ्या आणि सांध्यांवर लेप, एवढीच तिची सामग्री. इंग्रजीत तिला ‘ड्रायवॉल’ म्हणतात; आपण कोरडी भिंत म्हणू. कामावरचे लोक नुसते ‘बोर्डाचे पार्टिशन’ म्हणतात.

शाळेच्या स्मरणिकेत या विषयाला स्थान कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. आपल्या वसतिगृहात राहून शिकलेले अनेक विद्यार्थी आज मुंबई, पुणे, नाशिक, औद्योगिक वसाहती अशा ठिकाणी अंतर्गत सजावटीच्या कामांवर आहेत. थोडे कारागीर झाले, बरेच हेल्परच राहिले. हेल्पर आणि कारागीर यांच्या मजुरीत जे अंतर असते, ते हाताच्या बळाचे नसते. ओझे हेल्परच अधिक उचलतो. अंतर असते ते वस्तूचे नाव, तिचे प्रयोजन आणि तिचे माप ठाऊक असण्याचे. ‘ते चॅनेल आण’ म्हटल्यावर आणून देणारा आणि ते चॅनेल तेथेच का लागते हे जाणणारा, या दोघांतील ही दरी आहे. ती बुजवण्यास काही मदत व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू.

थोडा इतिहास

भिंतीवर लेपांचे थर चढवण्याची कला आपल्याकडे प्राचीन आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत खडबडीत दगडावर प्रथम मातीचा जाड थर दिलेला आहे. त्यात भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले आढळतात. त्यावर अधिक बारीक थर, मग चुन्याचा पातळ हात आणि शेवटी रंग. जाड थराने पोकळी भरावी, बारीक थराने पृष्ठ गुळगुळीत करावे आणि तंतूंनी तडे रोखावेत, ही तीन तत्त्वे आजच्या कोरड्या भिंतीच्या सांध्यातही जशीच्या तशी आहेत.

फळीचा जन्म मात्र अमेरिकेतला. तेथील घरांत पूर्वी लाकडी पट्ट्या ठोकून त्यांवर ओला गिलावा करीत. ऑगस्टिन सॅकेट याने 1894 साली कागद आणि प्लास्टर यांचे थर एकत्र करून बनवलेल्या फळीचे पेटंट घेतले. ती फळी गिलाव्याखालचा आधार म्हणून वापरली जाई. पुढे सॅकेटची कंपनी 1909 साली युनायटेड स्टेट्स जिप्सम या कंपनीने विकत घेतली आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात, दोन कागदांमध्ये जिप्समचा एकच सलग गाभा असलेली फळी बाजारात आली. तरीही लोक तिला गिलाव्याची स्वस्त नक्कल समजत. दुसऱ्या महायुद्धाने चित्र बदलले. कुशल गिलावेकरी मिळेनात आणि युद्धानंतर परतलेल्या सैनिकांसाठी घरे भराभर हवी होती. ओला गिलावा सुकायला लागणारा वेळ कोणाकडे नव्हता. तेव्हा कोरडी भिंत अमेरिकेतील घरांची नित्याची भिंत झाली.

मूळ द्रव्य

जिप्सम हे खनिज आहे. आपल्या देशात ते मुख्यतः राजस्थानात सापडते. रसायनशास्त्राच्या भाषेत ते पाण्याचे रेणू धरून ठेवलेले कॅल्शियम सल्फेट होय. त्याच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा पाणीच असते. ते सुमारे 150 अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की यातील तीन चतुर्थांश पाणी निघून जाते आणि उरलेली भुकटी म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, कारागिरांचे ‘पीओपी’. त्यात पुन्हा पाणी मिसळले की ते काही मिनिटांत दगडासारखे घट्ट होते. कारखान्यात हाच लगदा दोन जाड कागदांच्या मध्ये पसरून फळी तयार करतात.

फळीत बांधलेले हे पाणी आगीच्या वेळी उपयोगी पडते. आच लागली की आधी ते पाणी वाफ होऊन बाहेर पडते आणि ते संपेपर्यंत भिंतीच्या पलीकडील बाजूचे तापमान फारसे वाढत नाही. उलट बाहेरचे पाणी मात्र या फळीचा शत्रू आहे. साधी फळी भिजली की कागद सुटतो आणि गाभा मऊ पडतो.

फळीची ओळख

आपल्याकडे सर्वाधिक चालणारी फळी चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि 12.5 मिलिमीटर जाड असते. कारागिरांच्या भाषेत ही जाडी चार सूत. वजन वीस किलोच्या आत-बाहेर. सर्वसाधारणपणे पांढरट फळी साधी, हिरवट फळी ओल सहन करणारी आणि गुलाबी फळी आगीला अधिक काळ तोंड देणारी असते. हिरवी फळी ओल सहन करते, सतत धार नाही. न्हाणीघरात तिच्यावर जलरोधक लेप आणि टाइल्स लागतातच.

फळीच्या कडा नीट पाहाव्यात. लांबीच्या दोन्ही कडा किंचित उतरत्या असतात. दोन फळ्या शेजारी लावल्या की तेथे एक उथळ खोलगा तयार होतो. लेप आणि पट्टी त्या खोलग्यात बसतात, म्हणून सांधा वर दिसत नाही. रुंदीच्या कडांना असा उतार नसतो. त्यामुळे आडवा सांधा लपवणे कठीण असते, आणि नवशिक्या व मुरलेला कारागीर यांतला फरक तेथेच उघडा पडतो.

सांगाड्याची परिभाषा

फ्लोअर चॅनेल : जमिनीवर आणि तशीच छताला लावायची ‘यू’ आकाराची जस्तलेपित पत्र्याची पट्टी. भिंतीची रेषा हीच ठरवते.

स्टड : दोन चॅनेलांमध्ये उभा राहणारा पत्र्याचा खांब. याच्याच अंगाला फळी स्क्रूने बसते. त्यात असलेल्या भोकांतून विजेच्या नळ्या जातात.

सेंटर टू सेंटर : एका स्टडच्या मध्यापासून पुढच्या स्टडच्या मध्यापर्यंतचे अंतर. साधारणपणे दोन फूट, म्हणजे 610 मिलिमीटर. चार फुटी फळीच्या दोन्ही कडा आणि मध्य अशा तीन जागी त्यामुळे आधार मिळतो. टाइल्सचा भार येणार असेल तर हे अंतर कमी ठेवतात.

ड्रायवॉल स्क्रू : काळपट, अणकुचीदार, पसरट डोक्याचा स्क्रू. एका थरासाठी 25 मिलिमीटर, दुसऱ्या थरासाठी 35 मिलिमीटर लांबीचा.

जॉइंट टेप : सांध्यावर लेपात बुडवायची कागदी पट्टी. तिच्या मधोमध दुमडीची खूण असते. अजिंठ्याच्या मातीत जे काम तंतूंनी केले तेच ही पट्टी करते.

जॉइंटिंग कंपाउंड : सांध्यात भरायचा लेप. एक प्रकार तयार लगद्याचा असतो आणि तो हवेने सुकतो. दुसरा भुकटीचा, तो पाणी मिसळल्यावर रासायनिक क्रियेने घट्ट होतो आणि ठरावीक वेळेतच वापरावा लागतो.

कॉर्नर बीड : बाहेरच्या कोपऱ्यावर बसवायची धातूची किंवा कागद-धातूची काटकोनी पट्टी. धक्के खाणारा कोपरा ती सांभाळते.

उभारणीची रीत

पहिले काम आखणीचे. जमिनीवर दोरीला रंग लावून रेषा मारावी आणि ओळंब्याने किंवा लेसर यंत्राने ती छतावर न्यावी. नवी भिंत जुन्या भिंतीशी काटकोनात आहे का, हे पाहण्यासाठी गुण्या लहान पडतो. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर, दुसरीवर चार फुटांवर खूण करावी. तिरपे अंतर बरोबर पाच फूट भरले तर कोपरा काटकोन आहे. शाळेत पाठ केलेला पायथागोरसचा सिद्धांत तो हाच.

रेषेवर चॅनेल ठेवून साधारण दोन-दोन फुटांवर ते जमिनीला आणि छताला पक्के करावे. दाराची जागा मोकळी सोडावी आणि तिच्या दोन्ही अंगांना जोडस्टड किंवा आत लाकूड घातलेला स्टड द्यावा, कारण दार आपटण्याचा सगळा मार तेथे बसतो. बाकीचे स्टड उंचीपेक्षा थोडे आखूड कापावेत. छत किंचित खाली दबले तरी भिंतीवर जोर येऊ नये, यासाठी ही सोय. सगळ्या स्टडची उघडी बाजू एकाच दिशेला असावी.

फळी कापायला करवत लागत नाही. पुढच्या कागदावर पट्टी धरून कटरने एकच ठाम रेघ मारावी, फळी मागे दाबून मोडावी आणि मागचा कागद कापावा. लावताना खाली 10 मिलिमीटरच्या आसपास फट ठेवावी. फळीचाच एक तुकडा खाली सरकवला की हे माप आपोआप मिळते. फट न ठेवल्यास लादी पुसताना सांडलेले पाणी फळी शोषून घेते आणि वर्षभरात तळ फुगतो. फट नंतर स्कर्टिंगच्या आड जाते.

स्क्रू मध्यभागी सुमारे 300 मिलिमीटर आणि कडांना सुमारे 200 मिलिमीटर अंतरावर मारावेत. कागदी कडेपासून 10 आणि कापलेल्या कडेपासून 15 मिलिमीटर आत राहावे. स्क्रूचे डोके कागदाच्या पातळीखाली जरासे दबावे, पण कागद फाटू नये. फळीचे बळ तिच्या कागदात असते. कागद फाटला की तो स्क्रू निरुपयोगी झाला असे समजून शेजारी दुसरा मारावा.

एक उदाहरण घेऊ. बारा फूट लांब आणि नऊ फूट उंच भिंत आहे. एका बाजूचे क्षेत्रफळ 108 चौरस फूट, दोन्ही बाजूंचे 216. एक फळी 24 चौरस फुटांची, म्हणजे नेमक्या नऊ फळ्या. मोडतोड धरून दहा मागवाव्यात. दोन फुटांवर एक याप्रमाणे स्टड सहा नव्हे, सात लागतील. शेवटचा विसरला जातो. चॅनेल खाली बारा आणि वर बारा असे चोवीस फूट. पहिल्या उभ्या ओळीत सहा फुटी फळी खाली आणि तीन फुटी तुकडा वर. दुसऱ्या ओळीत उलट. त्यामुळे आडवे सांधे एका रेषेत येत नाहीत. आडव्या सांध्यामागे चॅनेलचा आडवा तुकडा द्यावा. भिंतीच्या दुसऱ्या बाजूस सुरुवात दोन फुटी रुंदीच्या तुकड्याने करावी, म्हणजे दोन्ही बाजूंचे उभे सांधे एकाच स्टडवर येणार नाहीत.

दुसरी बाजू बंद करण्यापूर्वी हात थांबवावा. विजेच्या नळ्या झाल्या का, आवाज अडवणारी काचलोकर किंवा दगडलोकर भरली का, टीव्ही किंवा कपाट टांगायचे असेल तेथे आतून प्लायवूड दिले का, हे तीन प्रश्न विचारावेत. नंतर विचारले तर भिंत फोडावी लागते.

सांधकाम

फळ्या लावल्या की भिंत झाली असे घरमालकाला वाटते. कारागिराचे खरे काम येथून सुरू होते.

पहिल्या दिवशी सांध्याच्या खोलग्यात कंपाउंड भरावे, त्यावर कागदी टेप मधोमध धरून पात्याने वरून खाली दाबत आणावी. जादा कंपाउंड निघेल, पण टेपखाली थोडे राहिलेच पाहिजे. कोरड्या जागी टेप चिकटत नाही आणि पुढे तेथे फुगा येतो. आतल्या कोपऱ्यात टेप खुणेवर दुमडून बसवावी. स्क्रूची डोकी याच वेळी भरावीत. पूर्ण सुकल्यावर दुसरा हात आठ-दहा इंच रुंद आणि त्यानंतर तिसरा हात बारा इंचांच्या पात्याने, कडा शून्यावर उतरवत. आडव्या सांध्याला खोलगा नसल्याने तेथे लेप आणखी रुंद पसरावा, म्हणजे उंचवटा डोळ्याला कळत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात एका हाताला एका दिवसाहून अधिक वेळ लागू शकतो. ओल्यावर ओला हात दिला की पुढे लेप आक्रसतो आणि सांध्यावर खळी पडते.

शेवटी बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवावा. जोर दिला तर कागदाचे तंतू उभे राहतात. मग दिवा भिंतीलगत धरून तिरप्या प्रकाशात पाहावे. समोरून सपाट दिसणारी भिंत तिरप्या उजेडात आपले सगळे दोष सांगते. ते दुरुस्त करून प्रायमर आणि मग रंग.

अमेरिकेत या कामाच्या 0 ते 5 अशा सहा पातळ्या ठरलेल्या आहेत. शून्य म्हणजे फक्त फळ्या लावलेल्या. पहिल्या पातळीत टेप बसते, दुसरीत तिच्यावर एक हात चढतो आणि ती टाइल्सखाली चालते. तिसरी जाड पोताच्या लेपासाठी, चौथी नेहमीच्या रंगासाठी. पाचव्या पातळीत संपूर्ण भिंतीवर लेपाचा पातळ थर येतो. चकचकीत रंग किंवा तिरपा उजेड असेल तेथे ती लागते. आपल्याकडे दर ठरवताना ‘फिनिशिंगसह’ एवढेच बोलले जाते. कोणती पातळी हे आधी ठरले, तर पुढचे निम्मे वाद टळतात.

दोषावरून कारण

सांध्यावर सरळ तडा गेला असेल तर टेप नाही, किंवा दोन्ही बाजूंचे सांधे एका स्टडवर आले आहेत. रंगातून स्क्रूची गोल डोकी वर आली असतील तर फळी सांगाड्याला घट्ट टेकलेली नव्हती. तळाशी फुगवटा दिसला तर खाली फट नव्हती. शेजारच्या खोलीतील बोलणे स्पष्ट ऐकू येत असेल, तर भिंत आणि छत यांमधील फट सीलंटने बुजवलेली नाही, किंवा पोकळीत लोकर नाही. भिंत पाडण्याआधी एवढे जरी वाचता आले तरी तो माणूस कारागीर होय.

आरोग्य आणि हिशेब

सांधे घासताना उडणारी धूळ पिठासारखी दिसते, म्हणून तिला कोणी घाबरत नाही. कंपाउंडच्या प्रकारानुसार तिच्यात सिलिका किंवा अभ्रकासारखी द्रव्ये असू शकतात. अमेरिकेत पूर्वी या लेपात अॅस्बेस्टॉसही मिसळत. 1977 साली त्यावर बंदी आली, तोपर्यंत अनेकांच्या फुप्फुसांत ते गेले होते. रुमाल बांधणे हा मास्क नव्हे. नाकावर घट्ट बसणारा धूळरोधक मास्क, डोळ्यांना चष्मा आणि शक्य तेथे ओल्या स्पंजने घासणे, हे तीन नियम पाळावेत. घासण्याचे काम बहुधा हेल्परच्या वाट्याला येते. म्हणून मास्क मागण्याचा पहिला हक्कही त्याचा.

मोजमाप चौरस फुटांत होते. दर एका बाजूचा की दोन्ही बाजूंसह पूर्ण भिंतीचा, दार-खिडकीची वजावट होणार की नाही, हे काम सुरू होण्यापूर्वी वहीत लिहून घ्यावे. बांधकाम कामगारांसाठी 1996 च्या केंद्रीय कायद्याने कल्याणकारी मंडळांची व्यवस्था निर्माण केली. महाराष्ट्राच्या मंडळाच्या कामांच्या यादीत आभासी छत आणि प्लास्टर ऑफ पॅरिस यांसह अंतर्गत सजावटीची कामे येतात. वय 18 ते 60 असलेल्या आणि मागील वर्षात किमान 90 दिवस काम केलेल्या कामगारास नोंदणी करता येते. नोंदणी झालेल्यांच्या मुलांना शिक्षणासाठी साहाय्य मिळते. पालकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

समारोप

आपल्या समाजरचनेत बांधकामाचे एकेक काम एकेका जातीला चिकटवलेले होते. पाथरवट, गवंडी, सुतार, लोणारी, बेलदार, वडार ही एकाच वेळी कामांची आणि जातींची नावे झाली. ज्ञान घराबाहेर जाऊ नये आणि बाहेरच्याला हत्यार हाती धरता येऊ नये, अशी ती घडी होती. जातिव्यवस्थेने कामांबरोबर काम करणाऱ्या माणसांचीही विभागणी केली, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच दाखवून दिले होते.

कोरडी भिंत या घडीत बसत नाही. ती आपल्याकडे उशिरा आली. तिला कुळ नाही, पिढीजात हत्यारे नाहीत, तिच्या कामाला कोणत्या जातीचे नाव नाही. तिच्या दाराशी जो पहिला पोहोचेल आणि तिची भाषा शिकेल, त्याची ती. पण ही मोकळीक आपोआप टिकत नाही. शब्द आणि मापे थोड्यांच्याच हाती राहिली, तर ठेकेदार आणि हेल्पर अशी नवी उतरंड उभी राहण्यास वेळ लागत नाही. म्हणून जे माजी विद्यार्थी या कामात मुरले आहेत, त्यांना माझी एक विनंती आहे. शाळेच्या सुट्टीत दोन दिवस द्यावेत. एक सांगाडा, चार फळ्या, एक ओळंबा आणि कंपाउंडची एक बादली एवढ्या साहित्यावर दहावी-बारावीच्या मुलामुलींना प्रात्यक्षिक दाखवावे. मुलींनाही, कारण सांध्यावर पाते फिरवण्यास बळापेक्षा स्थिर मनगट लागते. पुढे त्यांच्यातील कोणी अभियंता होईल, कोणी शिक्षिका, कोणी कारागीर. मात्र कामावर उभे राहिल्यावर समोरच्या वस्तूचे नाव आणि प्रयोजन यांपैकी काहीच ठाऊक नाही, अशी वेळ त्यांच्यापैकी कोणावरही येऊ नये.